पुट गुरुजींची राणी

प्रेमानंद खिल्लारे हे नाव धारवाडीत विचारलं असतं तर पारावरच्या चार माणसांनी एकमेकांकडं बघितलं असतं. पुट गुरुजी म्हटलं की मात्र शेंबडं पोरगंही बोट धरून शाळेच्या दारात आणून सोडायचं. हे नाव गावानं दिलेलं. अशी नावं द्यायला गावाला काही खर्च पडत नाही, आणि एकदा दिलेलं नाव गाव परत घेत नाही. गुरुजींना आधी राग आला, मग सवय झाली, आणि पुढंपुढं तर कुणी खिल्लारे म्हणून हाक मारली की त्यांना वाटायचं, पंचायत समितीचा माणूस आला.

पुट हे इंग्रजीतलं एक लहानसं क्रियापद. पुट म्हणजे ठेवणे, असं कुणी म्हणालं की गुरुजी खुर्चीतून उठून उभे राहत. "खडू टेबलावर पुट केला तर ठेवला, बराबर. पण टोपी पुट ऑन केली तर? ती घातली. दिवा पुट आउट केला तर? तो इझवला. डोईवरचा भारा पुट डाउन केला तर उतरवला. आजचं काम उद्यावर पुट ऑफ केलं तर ढकललं. आन् दारुड्या नवऱ्याला बाई पुट अप विथ करती, ती काय ठेवती का त्याला? सोसती." एवढं एका दमात बोलून ते पाणी पीत. हा शब्द त्यांना घरातल्या थोरल्या सुनेसारखा वाटायचा. ठेवायचं तिनंच, उतरवायचं तिनंच, विझवायचं तिनंच, सोसायचंही तिनंच, आणि तिचं नाव मात्र कुणी घ्यायचं नाही.

या वेडाला कारण होतं. गुरुजी स्वतः मॅट्रिकला दोनदा नापास झाले होते, दोन्ही वेळा इंग्रजीत. हिंगोलीला वसतिगृहात राहून तिसऱ्यांदा अभ्यास करताना त्यांनी लायब्ररीतली जाड डिक्शनरी उघडली आणि पुटवर बोट ठेवलं. पान उलटलं तरी पुट संपेना. दुसरा कुणी असता तर पुस्तक मिटून घरी गेला असता. हा माणूस हट्टी. सगळी इंग्रजी आपल्या बापाच्यानं व्हायची नाही, पण हा एक शब्द सोडायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. मग खोलीतल्या वस्तू ठेवत, घालत, उतरवत, विझवत त्यांनी महिनाभर स्वतःलाच हुकूम दिले. खोलीतल्या दोस्तांना वाटलं, खिल्लारेचं डोकं फिरलं. त्या वर्षी ते काठावर पास झाले. तेव्हापासून त्यांची पक्की समजूत झाली की भाषा आधी हातात उतरते आणि मग तोंडात येते.

धारवाडी हे सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याला लागून असलेलं गाव. शाळा दोन खोल्यांची, पत्र्याची. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायची, आणि पाचवीच्या पोरांना गुरुजी बरेच दिवस पुस्तक उघडूच देत नसत. कडुनिंबाखाली पोरं गोल बसायची आणि मधे गुरुजींची टोपली असायची. टोपलीत एक पांढरी टोपी, रॉकेलची चिमणी, पितळी गडवा, मोडकी छत्री, कुलूप आणि असल्याच घरातून काढून टाकलेल्या चिजा. गुरुजी इंग्रजीत हुकूम सोडायचे, पोरानं तो करून दाखवायचा. तीन हुकूम न चुकता केले की पाळी उलटायची. मग पोरगं हुकूम सोडायचं आणि गुरुजींनी तो पाळायचा. भोयाच्या एका पोरानं गुरुजींना पाण्यानं भरलेला गडवा डोक्यावर पुट करायला लावला होता, आणि सदरा भिजेपर्यंत गुरुजी तसेच उभे राहिले होते. मास्तराला हुकूम सोडायला मिळतो म्हटल्यावर कालव्यावर मासे धरत हिंडणारी पोरंही शाळेत येऊन बसू लागली.

राणी ही गुरुजींची एकुलती एक लेक. ती पाचवीत आली तेव्हा गुरुजींना कोण आनंद झाला, पण तो त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. पोरगी काळीसावळी, किडकिडीत, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. घरात टोपली होतीच. ती रांगत होती तेव्हापासून त्या टोपलीत हात घालत आली होती. पोरं एक हुकूम करेपर्यंत ती मनातल्या मनात चार करून मोकळी होई. पाळी उलटली की तिचे डोळे चमकायचे. एकदा तिनं बापाला टोपी घालायला लावली, त्यावर छत्री धरायला लावली, आणि मग टोपी काढून बसलेल्या म्हशीच्या डोक्यावर ठेवायला सांगितली. गुरुजी म्हशीपर्यंत गेले. म्हैस उठून गेली म्हणून तेवढं राहिलं.

शहाण्णव सालचा सव्वीस जानेवारी. झेंडावंदनाला सगळा गाव आला होता. गुरुजींनी पोरांकडून पुटचे खेळ करून दाखवायचं ठरवलं होतं. दोघातिघांचं झाल्यावर राणी उठली. बापानं घोकून घेतलेलं बाजूला ठेवून ती सरळ पाहुण्यांच्या खुर्च्यांकडं वळली. पहिल्या खुर्चीवर नाना बसले होते. नाना मूळचे औंढ्याचे, देवळाच्या सेवेतल्या घरातले, धारवाडीत टपालाचं काम बघायचे. काठी दोन्ही गुडघ्यांमधे धरून बसायची त्यांची सवय. राणी म्हणाली, "नाना, पुट डाउन युअर स्टिक." तिनं हातानं खूण केली तशी नानांनी काठी खाली ठेवली. "पुट युअर हँड्स अप." नानांनी हात वर केले. सगळा गाव हसला, नाना सगळ्यांत जास्त हसले. राणीला त्या दिवशी जेवढ्या टाळ्या मिळाल्या तेवढ्या सरपंचाच्या भाषणालाही मिळाल्या नाहीत.

कार्यक्रम मोडल्यावर नाना गुरुजींजवळ आले. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "गुरुजी, तुमची राणी तर तुमच्यापेक्षा फाडफाड बोलून राहिली. घरी येगळी शिकवणी घेता काय?" मागं उभ्या असलेल्या दोघातिघांना हसू आलं. नाना चहा प्यायला पुढं गेले.

एवढंच झालं. दुसऱ्या माणसानं हे कौतुक म्हणून खिशात घातलं असतं. गुरुजींनी मात्र चहा न घेताच घर गाठलं. आधीच्या गावी एका पालकानं त्यांच्यावर वरपर्यंत तक्रार केली होती की हा मास्तर आपल्या वस्तीतल्या पोरांनाच मार्क देतो. चौकशीत काही निघालं नाही, पण चौकशी झाली. साहेबासमोर ते तासभर उभे होते, बसा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं. बौद्ध वस्तीतून शिकून पुढं आलेल्या त्या पिढीच्या माणसांना ही भीती कुणी शिकवावी लागत नव्हती. दुसऱ्याचं एक चुकलं तर एक चुकलं. आपलं एक चुकलं तर सगळ्यांचं चुकलं. आपल्याकडं बोट दाखवायला जागा ठेवायची नाही, हा गुरुजींचा नेम होता, आणि नानांच्या त्या शब्दांत त्यांना ते बोट दिसलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी राणीला शेवटच्या ओळीत बसवलं. त्या दिवशी तिची पाळी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आली नाही. राणी हात वर करायची. गुरुजींची नजर तिच्या हातावरून सरकून शेजारच्या पोराकडं जायची. हात तसाच वर राहायचा, मग कोपरातून वाकायचा, मग खाली यायचा. गुरुजींना हे दिसत नव्हतं असं नाही. त्यांना सगळं दिसत होतं. थोडे दिवस जाऊ द्यावेत, लोकांच्या मनातून ते निघून जाऊ द्यावं, मग पोरीला पुन्हा पुढं घेऊ, असं ते स्वतःला सांगत. लोकांच्या मनात ते कधी आलंच नव्हतं, मग निघून जाणार कुठून?

राणीनं घरी एकदाच विचारलं. "बाबा, माझी पाळी काहून येत न्हाई?"

"येईल," गुरुजी म्हणाले. "आधी बाकीच्याची होऊ दे."

राणी सातवीत असताना तालुक्याहून तपासणीला साहेब आले. धारवाडीची पोरं इंग्रजी बोलतात ही बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. पोरांनी ठेवलं, घातलं, विझवलं, उतरवलं. साहेब खूश झाले आणि त्यांनी आपल्या मनानं एक अवघड विचारलं. सोसणे याला पुट लावून कसं म्हणाल? पोरं एकमेकांकडं बघू लागली. शेवटच्या ओळीतून राणीचा हात वर गेला. कितीतरी दिवसांनी गेला. साहेबांना तो दिसला. "ती मागची मुलगी सांगतेय वाटतं," ते म्हणाले.

गुरुजींनी मागं वळून बघितलं. आता हिनं सांगितलं तर साहेब नाव विचारणार, राणी प्रेमानंद खिल्लारे असं ती सांगणार, आणि साहेब हसून आपल्याकडं बघणार. हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून एका क्षणात गेलं.

"तिला राहू द्या, साहेब," गुरुजी म्हणाले, आणि उत्तर त्यांनी स्वतःच दिलं.

त्या संध्याकाळी शकुबाई, म्हणजे गुरुजींची बायको, शेतातून आली तर राणी भिंतीकडं तोंड करून पडलेली. ताप नव्हता. भाकर खा म्हटलं तर नको. शकुबाईला वाचता येत नव्हतं, पण घरातलं हवापाणी तिला बराबर कळायचं. "पोरगी काहून अशी करून राहिली?" तिनं विचारलं. गुरुजींनी पेपर तोंडासमोर धरला. शाळेत काही झालं का, असं तिनं दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, काही झालं नाही. आणि एका अर्थी ते खरंच होतं. कुणी मारलं नव्हतं, कुणी रागावलं नव्हतं. ज्याला झालं म्हणता येईल असं काहीच झालं नव्हतं.

आठवीपासून राणी औंढ्याला हायस्कुलात जाऊ लागली. सकाळच्या एसटीनं जायची, संध्याकाळी यायची. तिथले सर सांगायचे, मुलगी हुशार असेल पण उठून उभी राहत नाही, विचारलं तर खाली बघते. फटाफट बोलणारी पोर घरातही हूं आणि हां वर आली होती. वयात येणाऱ्या पोरी अशाच होतात, असं शकुबाईच्या बहिणीनं सांगितलं, आणि गुरुजींना ते कारण आवडलं. सोयीचं कारण माणसाला लवकर पटतं.

दहावीचा निकाल लागला तेव्हा हिंगोली परभणीपासून वेगळा जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती. राणी सगळ्या विषयांत पास होती. इंग्रजीत नापास. पेपर अवघड गेला का, असं विचारलं तर म्हणाली, अर्धाच लिहिला. अर्धाच काहून? तर उठून आत गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. त्याच वर्षी धारवाडीची चौदा-पंधरा पोरं दहावी पास झाली होती, त्यातली बहुतेक गुरुजींच्या टोपलीतून गेलेली. पेढे घेऊन ती घरी यायची. "जय भीम गुरुजी," कुणी म्हणायचं, कुणी नमस्कार करायचं. राणी आतून पाणी आणून द्यायची, रिकामे पेले घेऊन आत जायची. पुट गुरुजींचीच पोरगी इंग्रजीत गेली, असं लोक पारावर बोलले. ज्या बोटाला गुरुजी इतकी वर्षं भीत होते, ते शेवटी दाखवलं गेलंच. फक्त कारण दुसरं होतं.

पोरीनं मास्तरीण व्हावं, ही गुरुजींची एकच मोठी हौस. दहावीतच अडकलं तर पुढं डीएड कुठलं? शकुबाईचा धीर सुटला. सेनगावला संतराम म्हणून मुलगा होता, स्वतःची जीप, सेनगाव-हिंगोली भाडं मारायचा. निर्व्यसनी, आईबाप चांगले. लग्न झालं. वर्षभरात राणीला मुलगी झाली. नाव ठेवलं आकांक्षा. ते राणीनं ठेवलं, कुणाला न विचारता.

गुरुजी मात्र सोडायला तयार नव्हते. लेक परीक्षेला बाहेरून बसू शकते, एक विषय तर राहिलाय, असं त्यांनी जावयाला पटवलं. संतराम भला माणूस, म्हणाला, शिकू द्या की, माझं काय जातं. मग दर रविवारी गुरुजी सकाळची एसटी धरून हिंगोलीला आणि तिथून सेनगावला जाऊ लागले. सोबत पुस्तक, आणि पिशवीत टोपलीतल्या दोनचार चिजा. व्याही ओसरीवर चटई टाकून देत. राणी चहा आणी, मांडीवर लेकरू घेऊन समोर बसे. गुरुजी शिकवत. चांगलं शिकवत, जीव ओतून शिकवत. आणि प्रश्न विचारला की राणी लेकराचं टोपडं नीट करी. या पोरीनं एकदा तोंड उघडावं, एक उत्तर द्यावं, मग परीक्षेचं काय व्हायचं ते होवो, इथपर्यंत ते आले होते. येताना एसटीत ते खिडकीशी बसत आणि पुढच्या रविवारी कसं विचारायचं याचा विचार करत. वाटेतले तुरीचे, कपाशीचे शिवार निघून जात, त्यांना दिसतही नसत.

अशाच एका रविवारी त्यांचा तोल गेला. लेकरू झोपलं होतं, घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी पुस्तक मिटलं. "तुला येत न्हाई का येत असून बोलत न्हाईस, ते तरी सांग," ते म्हणाले. "माझ्या हाताखालून दगडं शिकून गेली. तूच काहून अशी?"

राणीनं झोपलेल्या लेकरावरचं पांघरूण सारखं केलं. मग अगदी साध्या आवाजात, राग नाही की रडू नाही, म्हणाली, "मला समदं यायचं, बाबा. तुमी इचारलंच न्हाई."

गुरुजींनी मिटलेलं पुस्तक चटईवर ठेवलं.

"मी रोज हात वर करायची. मला वाटायचं, माझं चुकत आसंल. काय चुकतंय ते ध्यानात येईना. घरी येऊन मी पुन्हा पुन्हा म्हणून बघायची. तपासणीच्या दिशी मला उत्तर बराबर येत व्हतं. तुमी साहेबाला म्हणले, तिला राहू द्या." ती थांबली. "मग मी राहूनच गेले. आता हात वर होत न्हाई, बाबा. पेपरात बी न्हाई. तुमी इतक्या लांबून येता, तुमाला तकलीफ होती, म्हणून मी बसते. मला परीक्षा नको."

गुरुजींनी नानांचं नाव सांगितलं. त्या सव्वीस जानेवारीला नाना काय म्हणाले, मागं कोण हसलं, आधीच्या गावी चौकशी कशी झाली होती, सगळं सांगितलं. मी तुझ्यावर रागावलो नव्हतो, मी लोकांना भ्यालो होतो, असं म्हणाले. राणीनं ते पुरतं ऐकून घेतलं. "नानानं?" ती म्हणाली. "त्येनं तर मला पेढा दिला व्हता." मग लेकरू उठलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गुरुजी नानांकडं गेले. नाना आता थकले होते, टपालाचं काम मुलाकडं गेलं होतं, दारात बाज टाकून बसलेले असायचे. गुरुजींनी भांडायला म्हणून तोंड उघडलं खरं, पण भांडण कसलं करायचं ते त्यांना कळेना. त्यांनी फक्त विचारलं, त्या दिवशी तुम्ही असं का म्हणालात?

नानांनी कपाळाला आठ्या घातल्या, खूप आठवून बघितलं. "मी आसं म्हणलो व्हतो?" ते म्हणाले. "म्हणलो आसंल, गुरुजी. पोरगी लई गोड बोलायची. मी घरी येऊन बायकोला म्हणलो, त्या राणीसारखी एखादी नात पायजे. काहून, काय झालं?"

काही नाही, असं म्हणून गुरुजी उठले. घरापर्यंतची वाट कशी सरली ते त्यांना कळलं नाही. ज्या शब्दावर त्यांनी लेकीचं लहानपण गहाण टाकलं होतं, तो शब्द म्हणणाऱ्यालाच आठवत नव्हता. नाना वाईट असते, तर गुरुजींना रात्री झोप तरी लागली असती. त्यांनी ते शकुबाईला सांगितलं. शकुबाई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवले, नवऱ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "एवढी वर्सं मला सांगितलं बी न्हाई तुमी." मग ती पुन्हा भाकरी थापू लागली. त्या दिवसापासून तिनं त्यांना त्यावरून कधी बोल लावला नाही, आणि ते गुरुजींना जास्त लागलं.

परीक्षेचा विषय तिथंच संपला. रविवारी सेनगावला जाणं मात्र गुरुजींनी सोडलं नाही. आता पिशवीत पुस्तक नसायचं, केळी असायची. राणी चहा करायची, ते प्यायचे, नात मांडीवर खेळायची. बोलणं पाऊसपाण्याचं, जीपच्या टायरचं. दोन हजार आठला ते निवृत्त झाले. निरोपाला गावानं शाल दिली, फेटा बांधला, आणि भाषणात सगळे पुट गुरुजी असंच म्हणाले. गुरुजींनी भाषण केलं नाही. आवाज बसलाय म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी आकांक्षा पहिलीत गेली. आता इंग्रजी पहिलीपासून होती. गुरुजींच्या मनानं पुन्हा उभारी धरली. लेकीचं जे राहिलं ते नातीचं करू, हा विचार त्यांना इतका गोड वाटला की ते रविवारची वाट न बघता बुधवारीच सेनगावला पोचले. व्याह्यांच्या घराजवळ एक खोली भाड्यानं बघायची, शकुबाईला घेऊन यायचं, रोज संध्याकाळी पोरीला घेऊन बसायचं, असं सगळं त्यांनी वाटेत ठरवून टाकलं होतं. चहा व्हायच्या आत त्यांनी ते राणीला सांगितलं. सांगताना ते कितीतरी वर्षांनी भरभर बोलत होते.

राणी सुपात तूर निवडत होती. खडे बाजूला काढता काढता तिनं सगळं ऐकलं.

"आकांक्षाला तुमी शिकवू नका, बाबा," ती म्हणाली.

"काहून?"

"तुमी वाईट शिकवता म्हणून न्हाई. तुमच्यासारखं कोणी शिकवत न्हाई, मला म्हाईत हाय." तिनं सूप खाली ठेवलं. "पण उद्या कोणी काही म्हणलं, तर तुमी तिला मागं बसवताल. तुमाला लोकाचं लई ऐकू येतं."

आता तसं होणार नाही, असं गुरुजींच्या ओठावर आलं होतं. त्यांनी ते म्हटलं नाही. स्वतःची खात्री त्यांना स्वतःलाच देता आली नसती, मग लेकीला कुठून देणार? ते उठून बाहेर ओसरीवर जाऊन बसले. त्यांना फार एकटं वाटलं. संतरामची जीप दारात उभी होती, तो खाली वाकून चाकाला काहीतरी करत होता. व्याही चहा घ्या म्हणाले, तो त्यांनी घेतला.

थोड्या वेळानं आकांक्षा शाळेतून आली. दप्तर तिथंच टाकून आजोबांच्या गळ्यात पडली. मग आज बाईंनी काय शिकवलं ते सांगू लागली. बाईंनी हातवारे करून इंग्रजी शिकवली होती आणि तिला त्यातलं एक अर्धवट आठवत होतं. पुस्तक दप्तरात आत ठेवायचं, ते कसं म्हणायचं? "आजोबा, तुमी मास्तर हायत ना? सांगा की."

उत्तर गुरुजींच्या जिभेवर होतं. चाळीस वर्षं ते तिथंच होतं. त्यांनी आत बघितलं. दारातून राणीची पाठ दिसत होती. निवडणारे हात थांबले होते.

"मला ध्यानात न्हाई, बाळा," गुरुजी म्हणाले. "तुझ्या मायला इचार. तिला येतं."

पोरगी पळत आत गेली. मग राणीचा आवाज आला, आधी हळू. पुट युअर बुक इन द बॅग. पोरीनं तिच्यामागून म्हटलं. मग पोरीचे पाय वाजले, काहीतरी उचललं गेलं, काहीतरी कुठंतरी ठेवलं गेलं, आणि पोरगी खिदळली. मग पोरीनं आईला हुकूम सोडायचं ठरलं असावं, कारण आता राणी हसत होती. मग राणी पुन्हा बोलू लागली, एकामागून एक, न अडखळता, जसं कुणी ते रोज मनात म्हणत आलं असावं तसं. एवढं सगळं तिच्याजवळ होतं, आणि इतक्या वर्षांत ते गुरुजींनी कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. संतरामनं एकदा मान वर करून बघितलं आणि पुन्हा चाकाकडं बघू लागला. आत जावं, दारात उभं राहावं, पोरीच्या डोक्यावर हात ठेवावा, असं गुरुजींना फार वाटलं. ते जागचे हलले नाहीत. आपण आत गेलो की ती गप्प होईल, एवढं त्यांना आता कळत होतं.